अंगण आणि पार्किंग धुवायच्या कामासाठी प्रेशर वॉशर कुठला घ्यावा?

टाकीवाला_कोल्हापूर
नमस्कार मंडळी. मी पाण्याच्या टाक्या धुवायचं काम करतो, राजारामपुरी, ताराबाई पार्क, रुईकर कॉलनी ह्या बाजूला गिऱ्हाइकं आहेत. पाऊस उघडल्यापासून निम्मी लोकं म्हणायलेत की टाकी झाली, आता अंगण पण धुवून दे की, शेवाळ धरलंय, म्हातारी माणसं घसरतात. आत्तापर्यंत खराटा आणि ब्लिचिंग पावडरवर भागवलं पण दिवसात दोन अंगणं झाली की कंबर धरते. म्हणून प्रेशर वॉशर घ्यायचा आहे, बजेट 20 हजारापर्यंत. ऑनलाइन बघितलं तर 1400 वॅटवाला पण 130 बार (म्हणजे पाण्याचा दाब) म्हणतोय आणि त्याच्या दुप्पट किमतीचा पण 130 च म्हणतोय, मग जास्तीचे पैसे कशाचे द्यायचे? फरशी बहुतेक शहाबादी, काही ठिकाणी पेव्हिंग ब्लॉक, कुठं कोबा. रोज 3-4 तास मशीन चालंल असं धरून सांगा. मोपेडवर न्यावी लागणार.

उद्यमनगरचा_फिटर
भावा, खोक्यावरचा बार बघून मशीन घेऊ नको. तो मॅक्सिमम असतो, काम करताना मिळतो तो रेटेड प्रेशर, तो बारीक अक्षरात आत लिहिलेला असतो, तो शोध. आणि एक हिशेब कायम लक्षात ठेव, बार गुणिले मिनिटाला किती लिटर, त्याला 600 नं भाग, आलेला आकडा म्हणजे पाण्याला लागणारी ताकद किलोवॅटमध्ये. 130 बार आणि 7 लिटर धरलं तर दीड किलोवॅट होतं. आता 1400 वॅट ही तर मोटर लाइटीतून ओढते ती ताकद, त्यातली बरीच पंपात आणि उष्णतेत जाते, मग ती मशीन 130 बारला 7 लिटर देणार कुठनं? एकतर बार कमी मिळणार नाहीतर पाणी कमी.

आणि तुझ्या कामाला पाणी महत्त्वाचं आहे. बार शेवाळ सोडवतो पण सोडवलेली घाण अंगणाबाहेर ढकलायला लिटर लागतात, नाहीतर एकाच जागची घाण दोनदा धुवत बसशील.

दुसरं म्हणजे मोटर. हलक्या मशीनमध्ये कार्बन ब्रशवाली असते, मिक्सरसारखी ओरडते, घरची गाडी आठवड्याला एकदा धुवायला ठीक आहे. रोज 3-4 तास म्हणजे इंडक्शन मोटर (बिनब्रशची) आणि पितळी हेडचा पंप घे. वजन वाढतं, 20-25 किलो होतं, पण आवाज कमी आणि मशीन टिकते. माझ्याकडं रिपेरीला येतात त्यातल्या कितीतरी बिनपाण्याच्या चालवलेल्या असतात. परवाच एक उघडली, आतलं सील बोटानं दाबलं तर बांगडीसारखं कट्कन तुटलं. ट्रिगर सोडून मशीन चालूच ठेवायची सवय पण वाईट, पाणी आतल्या आत फिरून तापतं. दोन-तीन मिनिटं थांबायचं असंल तर बंद कर.

बावड्याची_वहिनी
मी गिऱ्हाइकाच्या बाजूनं सांगते, भाऊ. आमचं घर कसबा बावड्यात, पुढं शहाबादीचं मोठं अंगण. गेल्या वर्षी एकाला बोलावलं होतं, त्यानं सरळ धारेचा नोझल लावला आणि फरशीला चिकटवून मारत सुटला. ओली होती तवर छान दिसलं, दुपारी वाळली तर सगळीकडं पट्टेच पट्टे, शेत नांगरल्यासारखे, आणि फरशीच्या सांध्यातलं सिमेंट निम्मं निघून आलं. वर डाग राहिलेत म्हणून ॲसिड ओतलं. शहाबादी हा चुनखडीचा दगड, ॲसिड पडलं की फेस येतो आणि दगडच खाल्ला जातो. दाराजवळच्या चार फरश्या अजून पांढऱ्याफटक आहेत, सासूबाई रोज बघून हळहळतात. तुम्ही मशीन कुठलीही घ्या पण आधी कोपऱ्यातली एक फरशी धुवून, वाळवून गिऱ्हाइकाला दाखवा आणि मगच पुढं जावा.

2019 च्या पुरानंतर आमच्या गल्लीत गाळ धुतला तेव्हा पण हेच बघितलं, गाळ ओला असताना भरपूर पाण्यानं निघाला, ज्यांनी चार दिवस वाळू दिला त्यांना खोऱ्यानं खरवडावा लागला.

रंकाळा_रायडर
नवीन कशाला घेतोस, वॉशिंग सेंटरची जुनी मशीन बघ, त्याच पैशात दणकट मिळंल.

उद्यमनगरचा_फिटर
@रंकाळा_रायडर मशीन दणकट असते हे खरं, पण त्यातल्या बऱ्याच थ्री फेजवर चालतात, बंगल्यात थ्री फेजचा पॉइंट कोण काढून देणार? आणि ती मोपेडवर बसत पण नाही. ह्याला सिंगल फेजचीच पाहिजे.

वहिनी म्हणतात ते अगदी बरोबर. नोझलचे रंग पाठ कर, लाल म्हणजे 0 अंश, तो फरशीवर लावायचाच नाही. पिवळा 15, हिरवा 25, पांढरा 40. शहाबादीला हिरवा, वीतभर लांबून सुरू कर, लागलं तरच जवळ जा. पट्टे नको असतील तर गोल फिरणारा सरफेस क्लीनर लाव, बाहेरनं ताटासारखा दिसतो, आत दोन नोझल फिरतात, काम एकसारखं होतं आणि भिंतीवर चिखल उडत नाही. फक्त तुझ्या मशीनच्या लिटरला चालणारा घे, कमी पाण्यावर तो फिरत नाही. पेव्हिंग ब्लॉकमधली वाळू मात्र निघणारच, वाळल्यावर परत भरून देतो हे आधीच बोलून घे आणि त्याचे पैसे धर.

वायरमन_शाहूपुरी
लाइटीचं कुणीच बोललं नाही म्हणून लिहितोय. 2000 वॅटची मशीन 6 अँपिअरच्या साध्या पिनेवर लावू नको, 16 चा सॉकेट बघ. एक्स्टेंशन 2.5 स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर घालून स्वतः करून घे, बारीक लांब वायरीत व्होल्टेज पडतं, मोटर गुरगुरते आणि तापून जळते. वायरीची रीळ पूर्ण उलगडून वापर. आणि बोर्डावर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइट तोडणारा स्विच, बसवून घे, ओल्या अंगणात उभं राहून काम करणार आहेस बाबा, गिऱ्हाइकाच्या घरात अर्थिंग कसलं आहे हे तुला माहीत नसतं. पायात गमबूट. चपलेचा चिखल धुवायला त्या धारेखाली पाय कधीच धरू नको, धार कातडी फोडून आत शिरते, वरनं बारीक टोचल्यागत दिसतं आणि आत मांस खराब होतं. तसं झालं तर घरी न बसता लगेच दवाखाना गाठायचा.

टाकीवाला_कोल्हापूर
सगळ्यांचे लई आभार. फिटर दादा, काल तीन गिऱ्हाइकांकडं अंगणातल्या नळाखाली 20 लिटरची बादली लावून बघितली. एका ठिकाणी दोन मिनिटात भरली, बाकी दोन्हीकडं साडेतीन मिनिटं लागली, टाकी पहिल्या मजल्यावरच आहे. म्हणजे मिनिटाला पावणेसहा लिटर. मग 8 लिटरची इंडक्शनवाली घेतली तर चालणार का?

उद्यमनगरचा_फिटर
नळावर थेट नाही चालणार, पंप हवा ओढंल आणि धार तुटक तुटक येईल. ड्रममधनं पाणी ओढणारी मशीन माग, सक्शन पाइपाच्या तोंडाला जाळी आणि फूट व्हॉल्व्ह (पाइपातलं पाणी परत खाली जाऊ देत नाही तो) पाहिजे. 200 लिटरचा ड्रम गिऱ्हाइकाकडं बहुतेक असतोच, भरून ठेवायला आदल्या दिवशी फोन कर. 8 लिटरनं तो 25 मिनिटं जातो आणि नळ त्यात सोडून ठेवलास तर दीड तासाच्या आसपास. अंगणाला आधी ब्लिचिंगचं पाणी मारून पाव तास ठेव, शेवाळ मरतं, मग प्रेशर कमी लागतो. त्या पाण्यात ॲसिड मात्र चुकूनही मिसळू नको, क्लोरीन वायू सुटतो. आणि मशीन घ्यायच्या आधी दुकानात सील किट मिळतं का ते विचार, नाही म्हणाला तर दुसरी बघ.