आरटीए (तार-कापूस स्वतः बसवायची व्हेपची टाकी): ओम स्थिर राहत नाही, चौथ्या झुरक्याला कापूस जळतो

लेस्टरकर
१ जून २०२५ पासून ब्रिटनमध्ये डिस्पोजेबल व्हेप (ई-सिगारेट) बंद झाल्या, म्हणून आरटीए घेतला. सिंगल कॉइल, २ मिलीची टाकी. तार कांथल ए१ (तापवायच्या तारेचा मिश्रधातू), २६ गेज, ३ मिमी दांड्यावर चिकटून ६ वेढे. ओममीटर कधी ०.८५ ओम दाखवतो, कधी १.१. लिक्विड ७०/३० (७० टक्के व्हीजी, म्हणजे दाट ग्लिसरीन), २५ वॅट. तीन झुरके छान, चौथ्याला जळका वास. कापूस कमी केला की हवेच्या भोकातून गळतं. चूक तारेत की कापसात?

तारकाम
दोन्हीकडे, पण आधी तार बघू. २६ गेज म्हणजे ०.४ मिमी, एक मीटर लांबीला साधारण ११.५ ओम. वेढा तारेच्या मध्यातून मोजायचा, म्हणजे व्यास ३.४ आणि एक वेढा १०.७ मिमी. सहा वेढे ६४, दोन्ही पायांचे (कॉइलच्या सुट्या टोकांचे) मिळून १०, एकूण ७४ मिमी. झाले ०.८५ ओम. म्हणजे कॉइल बरोबर आहे, १.१ हा सैल स्क्रूचा आकडा. कांथलचा रेझिस्टन्स तापल्यावर जवळपास बदलत नाही, त्यामुळे ‘गरम झाली म्हणून वाढला’ असं इथे म्हणता येत नाही.

पाय अशा बाजूने घाला की स्क्रू आवळताना तार आत ओढली जाईल. उलट बाजूने घातली तर ती बाहेर ढकलली जाते. दोनतीनदा तापवा, पूर्ण थंड होऊ द्या आणि पुन्हा आवळा. फार जोर लावला तर तार स्क्रूखालीच तुटते. उरलेलं टोक अगदी पोस्टलगत (तार धरणाऱ्या खांबालगत) कापा, टोपीला टेकलं तर शॉर्ट.

मग कापूस न घालता १० वॅटवर दोन-दोन सेकंद बटण दाबा. लाली मधून सुरू होऊन कडांकडे पसरली पाहिजे. एखादाच वेढा आधी पेटत असेल तर बटण सोडून सिरॅमिक चिमट्याने वेढ्यांवरून हलकेच खरवडा, नंतर दाबून घ्या.

फुलवात
आता कापूस. जळणं आणि गळणं, दोन्हीचं मूळ शेपट्यांत, म्हणजे कॉइलबाहेर लोंबणाऱ्या वातीच्या टोकांत आहे. वात कॉइलमधून ओढताना थोडी अडखळावी, पण कॉइल जागची हलू नये. ओवण्यापुरता टोकाला पीळ द्या आणि ते टोक कापून टाका. समईच्या वातीसारखा पीळ आत राहिला तर तंतू आवळले जातात आणि दाट व्हीजी वेळेवर पोचत नाही.

शेपट्या डेकच्या (कॉइल बसते त्या तळाच्या) कडेशी कापा, मग विंचरून त्यातला तिसरा हिस्सा काढा. कॉइलमध्ये भरगच्च, टोकाला विरळ. टाकीतून रस (लिक्विड) आत येण्याचं भोक पूर्ण झाकलं जावं, पण ठासू नका. झाकलं नाही तर गळणार, ठासलं तर जळणार. तुम्ही बहुधा आख्खी वातच बारीक केलीत, म्हणून एकातून सुटून दुसऱ्यात अडकलात.

टाकी लावण्याआधी शेपट्यांवरही थेंब टाका आणि पाच मिनिटं थांबा. पूजेच्या वातींचा कच्चा कापूस मात्र नको, त्यातलं नैसर्गिक मेण रस शोषू देत नाही.

मापात
२५ वॅट या तारेला जास्तच. १७-१८ वर सुरू करा. स्टेनलेस ३१६एलची तार घेतली तर टेम्परेचर कंट्रोल वापरता येईल, कांथलवर ते चालत नाही. आणि गणपतीला घरी येताना हे सामान तिकडेच ठेवा. ई-सिगारेटबंदीच्या २०१९ च्या कायद्याने भारतात आयात आणि साठवणही गुन्हा आहे.

लेस्टरकर
स्क्रू आवळल्यावर ०.८६ वर स्थिर आहे, १८ वॅटला जळत नाही. पण दोन दिवसांत कॉइल काळी पडते.

तारकाम
गोड लिक्विड असेल. सुक्रालोजची पुटं चढतात. कापूस काढा, १० वॅटवर लाल करून राख होऊ द्या, थंड झाल्यावर पाण्याखाली ब्रशने घासा आणि नवी वात घाला. तार तीच चालेल.