घरासाठी एकच कॉम्प्युटर: काम, गेम्स आणि टिकाऊपणा, नक्की काय घ्यावं?

अबोली

नमस्कार मंडळी. घरात एकच कॉम्प्युटर घ्यायचाय आणि तो निदान सहा-सात वर्षं चालावा अशी इच्छा आहे. दिवसभर मी त्यावर हिशेबाचं काम करणार, म्हणजे मोठमोठ्या एक्सेल फायली आणि ब्राउझरमध्ये ढीगभर टॅब. संध्याकाळनंतर तो धाकट्या भावाच्या ताब्यात. तो व्हॅलोरंट आणि माइनक्राफ्ट खेळतो, आता जीटीए फाइव्हही हवाय.

आधीच्या लॅपटॉपची आधी बिजागरी तुटली, मग खेळताना आपोआप बंद पडायला लागला आणि शेवटी 'मदरबोर्ड गेला' असं उत्तर मिळालं. तो एवढा लवकर गेला याचं वाईट वाटतं, कारण आम्ही तो जपून वापरत होतो.

डोळ्यासमोर चार पर्याय आहेत: आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड असलेला गेमिंग लॅपटॉप, कंपनीचा तयार डेस्कटॉप, असेंबल्ड (सुटे भाग घेऊन जोडलेला) डेस्कटॉप आणि मॅक मिनी. भाऊ म्हणतो, लॅपटॉपमध्येही तेच कार्ड आहे आणि डेस्कटॉपमध्येही तेच, मग लॅपटॉपच घेऊ. मला गेम्समधलं फारसं कळत नाही, पण पुन्हा चार वर्षांत मशीन भंगारात टाकायची वेळ यायला नको. भरवशाचं कोणतं आणि खेळायला बरं कोणतं?

मोरपीस

मॅक मिनी घ्या. माझ्याकडे एम१ वाला आहे, २०२० च्या शेवटी आलेला. अजून एकदाही सर्व्हिसिंगला दिलेला नाही. पंखा चालू आहे की बंद, हे कान लावूनही कळत नाही. एक्सेल, टॅब वगैरे त्याला काहीच वाटत नाही. मी गेम्स खेळत नाही, त्यामुळे त्याबद्दल इतरांनी सांगावं.

रेझिस्टर

अबोलीताई, माझं काम कॉम्प्युटर दुरुस्तीचं. दुकानातून नवीन मशीन घेताना सगळे वेग विचारतात, माझ्या टेबलावर येतं ते त्याच मशीनचं चार-पाच वर्षांनंतरचं रूप. त्यामुळे माझं उत्तर त्या बाजूने वाचा.

कंपनीच्या नावावरून टिकाऊपणा ठरवू नका. एकाच कंपनीचं एक मॉडेल वर्षानुवर्षं कुरकुर न करता चालतं आणि दुसरं वॉरंटी संपताच माझ्याकडे येतं. मशीन मरतं ते उष्णतेने किंवा खराब विजेने. आणि एक भाग गेला तर तेवढाच बदलता येतो का, यावर ते पुन्हा उभं राहणार की नाही ते ठरतं.

आधी उष्णता. एसएमपीएसमध्ये, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यात, आणि काही मदरबोर्डवर द्रव भरलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) असतात. त्यांच्यातला द्रव हळूहळू सुकत जातो. ढोबळ हिशेब असा की तापमान १० अंशांनी कमी राहिलं तर त्यांचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, १० अंशांनी वाढलं तर निम्मं. लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप बहुतेक वेळा एकाच हीटपाइपवर (उष्णता वाहून नेणाऱ्या नळीवर) उष्णता टाकतात, तीही बोटभर जाडीच्या डब्यात. प्रोसेसर ९५-१०० अंशांपर्यंत गेला की स्वतःचा वेग कमी करतो, तरी भागलं नाही तर मशीन बंद होतं. एरवी व्यवस्थित आणि खेळ सुरू केल्यावर थोड्या वेळात बंद, हे तुमच्या जुन्या लॅपटॉपचं लक्षण बहुधा याच जातीचं होतं.

असे लॅपटॉप उघडले की काय दिसतं ते सांगतो. मागचं झाकण काढायचं, पंख्याचे स्क्रू सोडवून पंखा उचलायचा. पंखा आणि हीटसिंकच्या पातळ पात्यांच्या मध्ये धुळीचा नमद्यासारखा थर जमलेला असतो. चिमट्याने कोपरा धरला तर अख्खा थर एका तुकड्यात निघतो. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते, कारण धूळ आतल्या बाजूला अडकलेली असते, आणि बाहेरून ब्लोअर मारला तर ती निघेलच असं नाही. तुम्ही जपून वापरलात यात मला शंका नाही, पण हा थर जपून वापरल्यानेही साचतोच. दर वर्षी एकदा उघडून साफ करणं आणि दोन-तीन वर्षांनी थर्मल पेस्ट बदलणं, एवढंच त्यावर औषध आहे.

आता भावाचं म्हणणं. नाव तेच असलं तरी कार्ड तेच नसतं. सगळ्यात ठळक उदाहरण आरटीएक्स ४०९० चं: डेस्कटॉपच्या कार्डात १६,३८४ कोअर (आकडेमोड करणारे छोटे भाग), २४ जीबी मेमरी आणि ४५० वॉटची मुभा, तर त्याच नावाच्या लॅपटॉप चिपमध्ये ९,७२८ कोअर आणि १६ जीबी. तुम्ही म्हणता त्या ४०६० मध्ये कोअर दोन्हीकडे ३,०७२ च आहेत, पण लॅपटॉपवाल्या चिपला कंपनी ३५ पासून ११५ वॉटपर्यंत कितीही देऊ शकते. म्हणजे शेजारी ठेवलेल्या, एकाच नावाच्या दोन लॅपटॉपमध्ये खेळताना मोठा फरक पडू शकतो. लॅपटॉपच घ्यायचा ठरला तर माहितीपत्रकात टीजीपी, म्हणजे ग्राफिक्स चिपला मिळणारी वीज, किती वॉट आहे ते शोधा. तो आकडा लपवलेला असेल तर ते मॉडेल सोडून द्या.

मॅक मिनीबद्दल मोरपीस यांनी लिहिलंय ते खरं आहे. थंड चालणारं, कमी वीज खाणारं मशीन आहे, बिघडून माझ्याकडे फार कमी येतं. पण तुमच्या घरी ते अर्धंच कामाचं. कॉम्प्युटरवरचं व्हॅलोरंट फक्त विंडोजवर चालतं. जीटीए फाइव्हची मॅक आवृत्ती नाही. माइनक्राफ्ट तेवढं चालेल. पूर्वी मॅकवर बूट कॅम्पने विंडोज टाकता यायचं, एम मालिकेच्या चिपवर ती सोय नाही. शिवाय मॅकच्या २०१९ च्या कॅटलिना आवृत्तीपासून ३२ बिटचे जुने गेम्स मॅकवर चालणं बंद झालं. भाऊ आठवडाभरात कंटाळेल.

कंपनीचा तयार डेस्कटॉप ऑफिसकामाला उत्तम. अडचण पुढे येते. बऱ्याच मॉडेलमध्ये एसएमपीएस वेगळ्याच आकाराचा असतो आणि त्याची मदरबोर्डला जाणारी पिनही नेहमीची नसते. वॉटही जेमतेम. मग दोन वर्षांनी ग्राफिक्स कार्ड टाकायचं म्हटलं की एसएमपीएस बदलता येत नाही, मदरबोर्ड बदलायचा तर नेहमीच्या मापाचा त्या कॅबिनेटमध्ये बसत नाही. घ्यायचाच असेल तर कॅबिनेट उघडून दाखवायला सांगा आणि एसएमपीएस नेहमीचा एटीएक्स (सगळ्या कंपन्या पाळतात त्या ठरलेल्या मापाचा) आहे का ते बघा.

म्हणून माझं मत असेंबल्ड डेस्कटॉप. एटीएक्सची मापं १९९५ पासून चालत आली आहेत, त्यामुळे त्या मापाचा कुठल्याही कंपनीचा भाग त्या मापाच्या कुठल्याही कॅबिनेटमध्ये बसतो. भावाचे तिन्ही गेम्स आजच्या हिशेबाने हलके आहेत, जीटीए फाइव्ह पीसीवर आला तो २०१५ मध्ये. त्यामुळे सुरुवातीला ग्राफिक्स कार्डसुद्धा लागणार नाही. रायझन ५ ८६००जी सारखा प्रोसेसर घ्या, त्यात बऱ्यापैकी ग्राफिक्स आतच आहे. मात्र रॅम १६ जीबीची एक पट्टी न घेता ८-८ च्या दोन घ्या. आतलं ग्राफिक्स रॅमवरच जगतं, एका पट्टीवर गेम्सचा वेग स्पष्ट खाली येतो, आणि हे दुकानात कोणी आपणहून सांगत नाही. पुढे भावाला जड गेम्स खेळायचे झाले तर तेव्हा कार्ड टाका.

काटकसर कुठेही करा, एसएमपीएसमध्ये करू नका. ८० प्लसचा शिक्का म्हणजे तो वीज किती कमी वाया घालवतो याचा दाखला, तो किती टिकेल याचा नाही. आतले कपॅसिटर १०५ अंश तापमान सोसणारे आहेत का आणि वॉरंटी किती वर्षांची आहे ते बघा. सात किंवा दहा वर्षांची वॉरंटी देणाऱ्याने आत बरा माल घातलेला असतो. स्वस्त एसएमपीएस जाताना एकटा जात नाही, मदरबोर्ड आणि एसएसडीही घेऊन जातो.

टिटवी

रेझिस्टर, बाकी सगळं पटलं, पण असेंबल्डची एक बाजू तुम्ही सोडलीत. मशीन चालू होत नाही म्हटल्यावर दोष कोणाचा? मदरबोर्डवाला म्हणतो रॅम बघा, रॅमवाला म्हणतो मदरबोर्ड. प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी, बिलं वेगळी. अबोली यांना हिशेबाचं काम करायचंय, पट्ट्या काढून-घालून बघायच्या नाहीत. कंपनीच्या डेस्कटॉपला घरी येऊन दुरुस्त करणारी वॉरंटी घेता येते. आमच्या घरी तेच मशीन आहे, एकदा बंद पडलं तेव्हा माणूस घरी आला आणि बोर्ड बदलून गेला.

आणि वीज जात-येत असेल तर लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, हेही लक्षात घ्या. हिशेबाची फाइल अर्ध्यात बंद पडणं काय असतं ते मला माहीत आहे.

रेझिस्टर

टिटवी, मुद्दा रास्त आहे. घरात स्क्रू-ड्रायव्हर हातात घेणारं कोणी नसेल आणि ओळखीचा दुरुस्तीवाला नसेल, तर घरपोच वॉरंटीवाला डेस्कटॉप हा शहाणपणाचा पर्याय आहे. फक्त ती वॉरंटी बऱ्याचदा तीन वर्षांचीच असते आणि अबोलीताईंना सहा-सात वर्षं हवी आहेत. चौथ्या वर्षी बोर्ड गेला तर त्या मापाचा बोर्ड शोधत फिरावं लागतं.

लॅपटॉपची बॅटरी विजेच्या बाबतीत सोय आहे खरी, पण दिवसरात्र चार्जरला लावून खेळलं की तीच बॅटरी फुगते. टचपॅड वर उचलल्यासारखा वाटला, दाबला जाईना, तर ती बॅटरी ताबडतोब काढायची असते. आजकाल बऱ्याच लॅपटॉपमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय आहे, ती चालू ठेवा. डेस्कटॉपसाठी यूपीएस घ्यावाच लागेल. तो साइनवेव्हचा (घरच्या विजेसारखी गोलसर लहर देणारा) असला तर उत्तम, कारण चांगल्या एसएमपीएसपैकी काही, वीज गेल्यावर स्वस्त यूपीएसच्या चौकोनी लहरींवर जाताना बंद पडतात.

अबोली

सगळ्यांचे मनापासून आभार. भावाला टीजीपीचं सांगितलं, तर तो स्वतःच चार लॅपटॉपची माहितीपत्रकं शोधत बसला. दोघांत आकडा कुठेच दिला नव्हता! आता तोही डेस्कटॉपवर आलाय. पट्ट्या काढायला-घालायला तो शिकायला तयार आहे, त्यामुळे असेंबल्ड जवळजवळ नक्की.

पण एक नवीन प्रश्न. त्याच्या मित्राचा भाऊ आपलं मशीन विकतोय: आय७ १३७००के, आरटीएक्स ३०६०, ३२ जीबी रॅम. चालू स्थितीत आहे, आम्ही बघून आलो. वापरलेलं असलं तरी आम्ही ठरवलेल्यापेक्षा बरंच तगडं आहे. घ्यावं का?

रेझिस्टर

थांबा, लगेच हो म्हणू नका. ३०६० चांगलं कार्ड आहे, काळजी प्रोसेसरची आहे. १३७००के हा इंटेलच्या १३व्या पिढीतला. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतले डेस्कटॉपचे मोठे प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते आणि त्याने आतून झिजत होते. २०२४ मध्ये इंटेलने हे मान्य केलं, ऑगस्टपासून बायोसमार्फत (मदरबोर्डवरच्या, मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅममार्फत) दुरुस्ती द्यायला सुरुवात केली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण ती दुरुस्ती पुढची झीज रोखते, झालेली झीज भरून काढत नाही. तुम्ही अर्धा तास बघून आलात तेवढ्यात असा प्रोसेसर अगदी ठणठणीत वाटू शकतो.

मशीन चालू करून बायोसची तारीख बघा. ती २०२४ च्या ऑगस्टच्या आधीची असेल, तर एवढे दिवस ते मशीन बिनदुरुस्तीचं चाललंय. मग अनरियल इंजिनवर (गेम बनवायच्या एका सॉफ्टवेअरवर) बनलेला एखादा जड गेम पहिल्यांदा सुरू करा. शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) तयार होताना 'आउट ऑफ व्हिडिओ मेमरी' अशी चूक येऊन गेम बंद पडला तर संशय प्रोसेसरवर घ्या. कार्डात मेमरी भरपूर असते, तरी संदेश तोच येतो, आणि लोक उगाच कार्ड बदलत बसतात. मोठी झिप फाइल तीन-चारदा उघडून बघा, एकदा जरी 'फाइल खराब आहे' म्हटलं तरी तेच.

एवढं करून सगळं नीट चाललं, तर विकणाऱ्याकडे प्रोसेसरचं बिल आणि डबा मागा. प्रोसेसर डब्यातून सुटा घेतलेला असेल आणि वाढीव वॉरंटी अजून शिल्लक असेल, तरच घ्या. बिल नसेल तर त्याच्याकडून फक्त ३०६० विकत घ्या आणि बाकीचं मशीन नवीन बांधा.