मदत हवी: व्ह्यू, कंट्रोलर की हँडलर? टीमसाठी एकच शब्द ठरवायचाय

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे तीन सर्व्हिस आहेत: जुनी जँगोत (पायथनचं वेब फ्रेमवर्क), मधली एक्स्प्रेसमध्ये (जावास्क्रिप्टचं), नवी गो या भाषेत. नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी तिन्हींची मिळून एक माहितीपुस्तिका लिहितोय आणि पहिल्याच पानावर अडलोय. रिक्वेस्ट (ब्राउझरकडून आलेली मागणी) घेऊन रिस्पॉन्स (उत्तर) देणारा जो कोड असतो, त्याला म्हणायचं काय?

जँगोत तो व्ह्यू. रेल्समधून (रूबीचं वेब फ्रेमवर्क) आलेल्याला व्ह्यू म्हटलं की एचटीएमएलचा साचा आठवतो. तिथे हे काम कंट्रोलरमधली ॲक्शन करते. मागच्या महिन्यात मी तिकिटावर ‘ऑर्डरचा व्ह्यू बदल’ एवढंच लिहिलं. रेल्समधून आलेल्या नव्या सहकारी बिचारीने दोन दिवस टेम्प्लेट (तोच एचटीएमएलचा साचा) बदलत घालवले. चूक माझीच.

कंट्रोलर घ्यावा तर तो बहुधा अख्खा क्लास, त्यात पाच-सात ॲक्शन. एंडपॉइंट कुणीतरी सुचवला, पण आम्ही बोलताना एंडपॉइंट म्हणजे यूआरएल धरतो, आणि फ्लास्कमध्ये (पायथनचंच आणखी एक फ्रेमवर्क) तर ते व्ह्यू फंक्शनला दिलेलं नाव असतं. (‘हाताळक’ही सुचवून झालाय. हसून घ्या.)

माझा कल गोच्या हँडलरकडे आहे. पण एक्स्प्रेसमध्ये हँडलर आणि मिडलवेअर (रिक्वेस्ट हँडलरपर्यंत पोचण्याआधी वाटेत चालणारा कोड) दिसायला सारखेच. दोघांनाही रिक्वेस्ट, रिस्पॉन्स आणि नेक्स्ट (पुढच्या कोडला बोलावणारं फंक्शन) मिळतात. मग रेघ कुठे ओढायची? आणि जँगोच्या क्लासवाल्या व्ह्यूमध्ये हँडलर कोण, क्लास की आतली गेट-पोस्ट मेथड (रिक्वेस्टच्या प्रकारानुसार चालणारी)?

---

प्रतिसाद १

हँडलरच घ्या. फक्त कोडमधली नावं बदलायला जाऊ नका. जँगोत व्ह्यूजची फाईल सगळ्या जगाला माहीत आहे, तिथे आपलं शहाणपण नको.

मिडलवेअरचं म्हणाल तर ‘नेक्स्ट बोलावतं की नाही’ ही कसोटी फसवी आहे. लॉगिन तपासणारा कोड ४०१ (‘आधी लॉगिन करा’ अशा अर्थाचं उत्तर) देऊन रिक्वेस्ट परत पाठवतो, म्हणून तो हँडलर होत नाही. सोसायटीचा वॉचमनही कधी कधी पाहुण्याला गेटवरून परत धाडतो, पण पाहुणा त्याच्याकडे आलेला नसतो.

---

धागाकर्ता

वॉचमन पुस्तिकेत जाणार! क्लासचं काय?

---

प्रतिसाद २

राउटर (यूआरएल बघून कुठला कोड चालवायचा ते ठरवणारा) शेवटी ज्याला हाक मारतो तो हँडलर. जँगोत यूआरएलच्या यादीत तुम्ही क्लासच्या ॲज-व्ह्यू या मेथडने मिळालेलं एक फंक्शन देता. गेट की पोस्ट ते नंतर आत ठरतं. म्हणजे हँडलर एकच, अख्खा व्ह्यू. रेल्समध्ये राउट कंट्रोलरमधल्या एका ठरावीक ॲक्शनकडे जातो, म्हणून तिथे ॲक्शन.