गेटवे ते मांडवा स्वतःच्या बोटीने: आधी काय शिकायचं?

दर्यानवखा
१६ फुटी फायबर बोट, ४० एचपी आउटबोर्ड. इंजिन खाली सोडलं की ६० सेंमी पाणी लागतं. पावसाळा संपला की मांडव्याला जायचंय. फोनमधल्या चार्टवर भागेल का? आणि काही आकड्यांखाली रेघ असते ती कशाची?

खाडीकर
रेघ म्हणजे ओहोटीला उघडी पडणारी जागा. रेघेवरचा १.२ म्हणजे ती जागा चार्टच्या शून्यपातळीपेक्षा (जवळपास सगळ्यात खालच्या ओहोटीची पातळी, भरतीची उंचीही तिथूनच मोजतात) १.२ मीटर उंच. त्या वेळच्या भरतीच्या उंचीतून १.२ वजा केले की उरेल तेवढंच पाणी. फोन तुम्ही कुठे आहात ते दाखवतो, ही वजाबाकी तुम्हालाच करायची. म्हणून आधी भरती-ओहोटी शिका.

समजा ओहोटी ०.६, भरती ४.२. फरक ३.६ मीटर, त्याचा बारावा भाग ०.३. सहा तासांत पाणी दर तासाला असे १, २, ३, ३, २, १ भाग चढतं. दोन तासांनी ते १.५ वर असेल, म्हणजे त्या जागेवर जेमतेम ३० सेंमी. तुमचा पंखा चिखलात रुतणार! अजून तासभर थांबलात तर तिथेच १.२ मीटर मिळेल. उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास) फरक वाढतो, भांगेला (अष्टमीच्या आसपास) कमी होतो.

भरती-ओहोटीच्या वेळांचा तक्ता हाताशी नसेल तर जुना हिशोब तिथीच्या पाऊणपटीचा: चतुर्थीला भरती ३ च्या सुमारास, अष्टमीला ६. हा अंदाज झाला. खडकाजवळ जाताना तक्ताच हवा.

नांगरदोर
बंदरात शिरताना लाल बोया (वाट दाखवणारी तरंगती खूण) डावीकडे, हिरवा उजवीकडे. अमेरिकन व्हिडिओंत नेमकं उलट सांगतात, ते डोक्यात बसवू नका. मोठ्या जहाजांची वाट काटकोनात ओलांडा. येणाऱ्या जहाजावर होकायंत्र धरा: अंश बदलत नाहीत आणि जहाज मोठं दिसू लागलंय, तर टक्कर ठरलेली. लगेच, त्याला स्पष्ट दिसेल असं वळा.

खाडीकर
आउटबोर्डच्या मागची, इंजिन थंड करून बाहेर पडणारी पाण्याची धार सतत बघत राहा. बारीक झाली तर बहुधा प्लास्टिकची पिशवी अडकलेली असते. न्यूट्रल, इंजिन बंद, मग आधी नांगर, कारण प्रवाह थांबत नाही. त्यानंतर इंजिन वर घेऊन पिशवी काढा. तसंच दामटलंत तर इंपेलरची, म्हणजे ते पाणी ओढणाऱ्या पंपातल्या चाकाची, रबरी पाती जळतात. नांगराचा दोर भरतीच्या खोलीच्या सातपट सोडा.

दर्यानवखा
परत कधी निघू?

नांगरदोर
दुपारच्या आत. नंतर पश्चिमेचा वारा चढतो. त्याच वेळी ओहोटी बाहेर जात असेल तर दोघं समोरासमोर येतात आणि आखूड, उभ्या लाटा उठतात. लाइफ जॅकेट अंगात, व्हीएचएफ रेडिओ चॅनेल १६ वर. तटरक्षक दलाचा नंबर १५५४.