मदत हवी आहे: फझ चालू केलं की वाह पेडल गायब होतं, आणि मुळात ते घ्यावं का?

सहावी_तार

नमस्कार मंडळी,

नाशिकला आमचा चौघांचा बँड आहे. गायिका, बास, ड्रम आणि गिटारला मी एकटा. निम्मी गाणी आमची स्वतःची मराठी, बाकी जुनं रॉक आणि थोडं फंक. पेडल मोजकीच आहेत: ट्यूनर, गोल डब्यातलं जर्मेनियम ट्रान्झिस्टरचं फझ (आवाज मुद्दाम फाडणारं), ओव्हरड्राइव्ह (तेच, पण सौम्य) आणि डिले (प्रतिध्वनी देणारं). एका मित्राने त्याचं क्राय बेबी जीसीबी-९५ हे वाह पेडल (पायाने वरखाली केलं की गिटार 'वाह-वाह' बोलते ते) थोड्या दिवसांसाठी वापरायला दिलंय. मला हवं असेल तर तो ते विकायला तयार आहे, म्हणून लवकर ठरवायचं आहे.

अडचण अशी. गिटारमधून वाह, मग फझ, मग अँप अशी जोडणी केली आहे. फझ बंद असताना वाह सुरेख बोलतं. फझ चालू केलं की पेडल कितीही वरखाली करा, आवाज जवळपास तसाच राहतो, आणि चवडा पूर्ण दाबला की शिट्टी सुरू होते. दोन्ही पेडल एकेकटी लावली तर उत्तम चालतात. पॅच केबल बदलल्या, अडाप्टर काढून बॅटरीवरही वाजवून पाहिलं. वाहमध्ये दोष आहे का?

दुसरं म्हणजे, आमच्या बासवाल्याच्या मते वाह दोन सोलोंपुरतं असतं, तेवढ्या पैशात चांगला रिव्हर्ब (आवाजाला घुमारा देणारं पेडल) येईल. मला ते पटत नाही, पण सोलोखेरीज तुम्ही वाह कुठे कुठे वापरता ते ऐकायला आवडेल. आमच्या एका गाण्यात गायिका कडव्याला खालच्या पट्टीत गाते आणि माझे कॉर्ड तिच्यावर चढतात. तिथे वाहचा काही उपयोग होईल का?

जुनी_सोल्डर

दोष नाही, निश्चिंत राहा. या जोडीचा हा जुना त्रास आहे. गोल डब्यातल्या दोन ट्रान्झिस्टरच्या फझचा इनपुट इंपीडन्स (आत येणाऱ्या सिग्नलला होणारा विरोध) फार कमी असतो. त्याचा भार थेट वाहच्या आउटपुटवर पडतो आणि वाहचं फिल्टर दबून जातं. शिट्टीही त्यातूनच येते.

सोपा उपाय म्हणजे क्रम उलटा करा: गिटार, फझ, वाह. जर्मेनियम फझला तसंही समोर थेट गिटारचे पिकअप लागतात. गिटारचा व्हॉल्यूम कमी केल्यावर ते स्वच्छ होतं ना, ते त्यामुळेच. मात्र या क्रमात वाहचा आवाज बदलतो. फझने तयार केलेले सगळे वरचे स्वर फिल्टरमधून जातात, त्यामुळे झोत (पेडल फिरवताना आवाजात होणारा बदल) मोठा आणि जरा सिंथसारखा येतो.

गिटारवादक जिमी हेंड्रिक्स वाह आधी आणि फझ नंतर लावायचा. तो बोलका आवाज हवा असेल तर दोघांच्या मध्ये छोटा बफर (फझचा भार वाहवर पडू न देणारं सर्किट) टाका. झोत परत येतो. किंमत एवढीच की फझला आता पिकअपऐवजी बफर दिसतो, आणि ते थोडं कडक वाजतं. काही वाहमध्ये असा बफर आउटपुटलाच बसवलेला असतो.

जुनं पेडल घेताना एक लांब स्वर धरून ठेवा आणि पेडल अगदी सावकाश टाचेकडून चवड्याकडे न्या. खरखर आली तर पॉट (पेडलसोबत फिरणारा बदलता रेझिस्टर) झिजलाय किंवा मळलाय. काँटॅक्ट क्लीनरने बहुतेक वेळा भागतं, नाहीतर १०० केचा पॉट बदलता येतो. स्विच चवड्याखाली असतं, ते दर वेळी नीट लागतंय का पाहा. या मॉडेलला दिवा नसतो, तेव्हा ऐकूनच खात्री करावी लागते.

चौथी_मात्रा

बासवाल्या मित्राला माझ्याकडून सांगा की वाहचं खरं काम रिदममध्ये आहे. हे मी अगदी मनापासून लिहितोय, कारण दर दुसरा गिटारवाला वाह घेतो, सोलोत दर स्वरामागे पाय हलवतो, कंटाळतो आणि विकून टाकतो.

आधी हे पेडल करतं काय ते पाहू. १९६६ मध्ये कॅलिफोर्नियात थॉमस ऑर्गन कंपनीत ब्रॅड प्लंकेट हा इंजिनियर व्हॉक्स अँपच्या मिडरेंजच्या सर्किटवर काम करत होता. महागड्या स्विचऐवजी त्याने पॉट लावला आणि आवाज सलग सरकायला लागला. मग ते सर्किट ऑर्गनच्या व्हॉल्यूम पेडलच्या सांगाड्यात गेलं. म्हणजे वाह हे पायाने फिरवायचं टोनचं बटणच आहे. ढोबळमानाने ४०० हर्ट्झपासून २ किलोहर्ट्झपर्यंत एक उंचवटा सरकतो आणि बाकीचा आवाज मागे जातो. तोंडातून 'ऊ'चा 'आ' होताना असंच काहीसं घडतं, म्हणून आपल्या कानाला ते बोलल्यासारखं वाटतं.

आता १९७१ चं 'थीम फ्रॉम शाफ्ट' ऐका. स्किप पिट्सची गिटार आहे. डावा हात तारांवर सैल ठेवून नुसती खटखट, हाय-हॅटसोबत सोळाच्या मात्रा, आणि सगळी चाल पेडलवर. सरावाला असं करा: हात सोळाच्या मात्रांवर, पाय मात्र फक्त ठोक्यावर, म्हणजे एकाला टाच, दोनला चवडा. हात आणि पाय वेगळे झाले की ड्रमवाला तुमच्याकडे बघून हसेल. चौघांच्या बँडमध्ये दुसरी गिटार नसताना ही जागा दुसरं कुठलं पेडल भरून काढेल, मला सांगा.

खर्जातला

मी स्वतः बास वाजवतो, म्हणून बासवाल्याची बाजू मांडतो. पाय मोकळा हवा असेल, गाता गाता वाजवायचं असेल, तर ऑटो-वाह बघा. त्यात तार छेडण्याच्या झटक्याच्या जोरावर फिल्टर आपोआप उघडतं. फंक रिदमला छान बसतं. पण ते फझच्या नंतर लावू नका. फझ सगळे झटके एकाच उंचीचे करून टाकतं, मग फिल्टरला जोर आणि हळू यातला फरकच कळत नाही. फझच्या आधी लावा. आणि रिव्हर्बबद्दल म्हणाल तर बहुतेक हॉलमध्ये तो फुकट मिळतो.

सहावी_तार

मंडळी, मनापासून आभार. फझ आधी आणि वाह नंतर लावलं आणि शिट्टी बंद. झोत परत आला, आधीपेक्षा उग्र, पण आमच्या एका रिफला तोच शोभतोय. ओव्हरड्राइव्ह वाहच्या नंतरच ठेवलं आहे, तिथे आवाज बोलका राहतो. खरखर नाही, स्विच व्यवस्थित. ठोक्यावर पाय ठेवायचा सराव सुरू केलाय, सध्या हात पायामागे धावतोय.

गायिकेच्या कडव्याचं तेवढं राहिलं.

जुनी_सोल्डर

तिथे पेडल हलवूच नका. वाह चालू करून एका जागी थांबवा. रॉक गिटारवादक मायकल शेंकरने हा थांबवलेला वाह सोलोत फार वापरला, पण कॉर्डलाही तो तितकाच कामाचा आहे. उंचवट्याखालचा भाग कमी होतो, म्हणजे गिटारचा जो जाडसरपणा गायिकेच्या खालच्या पट्टीवर बसतो, तो निघून जातो. साधारण मध्यावरून सुरुवात करा. फार चवड्याकडे नेलं तर गिटार टोचायला लागते आणि तिच्या शब्दांच्या कडा झाकते.

जागा एकट्याने ठरवू नका. तिला कडवं गायला सांगा, बास चालू ठेवा आणि कॉर्ड वाजवत पेडल हळूहळू सरकवा. शब्द स्पष्ट झाले की थांबा आणि पेडलच्या कडेला रंगीत टेपची खूण करा. पेडल सैल असेल तर आधी आवळून घ्या, नाहीतर पाय उचलला की ते जागचं हलतं. आणि धृपदाआधी बंद करायला विसरू नका, तिथे तुमचा भरीव आवाज लागेलच.