मदत हवी आहे : सोयाबीननंतर नांगरट न करता गहू पेरायचाय

नमस्कार मंडळी. निफाड तालुक्यात आमची काळी, भारी जमीन आहे. सोयाबीन निघाल्यावर नांगर, रोटाव्हेटर काहीही न घालता थेट गहू पेरावा असं ठरवतोय. मशागतीत जाणारे दिवस वाचले तर नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातच पेरणी उरकेल. उशीर झाला की दाणे भरताना उन्हाचा चटका बसतो आणि उतारा घटतो, हे आपण सगळे जाणतोच. डिझेल वाचेल ते वेगळंच.

पंजाब-हरियाणात भाताच्या काडातून हॅपी सीडरने (काड न काढता त्यातूनच थेट पेरणाऱ्या यंत्राने) गहू पेरतात. पण तिकडची जमीन गाळाची. आपल्या काळ्या रानात ओल जरा जास्त असली की फाळाला चिखल चिकटतो, कमी असली की भेगा पडून बी उघडं राहतं. माझी खरी अडचण हीच आहे. सोयाबीन काढल्यावर हलकं पाणी देऊन वाफशावर (पेरणीजोगी ओल आल्यावर) पेरायचं, की कोरड्यात पेरून मग पाणी सोडायचं? उगवण कशात चांगली येते?

दुसरं म्हणजे सोयाबीनचं भुस्कट. आमच्याकडे ते जनावरांना लागतं, त्यामुळे सगळं रानात ठेवता येणार नाही. निदान किती आच्छादन ठेवलं तर ओल टिकेल? आणि पहिल्या वर्षी तणाचं काय केलंत?

गव्हाचा तपोवन वाण घ्यायचा विचार आहे. नाशिक-नगर भागात झिरो टिल (बिनमशागतीचं) पेरणी यंत्र भाड्याने कुठे मिळेल तेही सांगा. ज्यांनी भारी जमिनीत प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा, फोटो असतील तर फारच उत्तम.