मदत हवी आहे: कागदावरच्या षटकोनांचा वर्ग आणि वाकळ शिवणाऱ्या मावश्या

नमस्कार मंडळी,

सांगलीत विश्रामबागेला घरच्याच हॉलमध्ये मी इंग्लिश पेपर पीसिंगचा वर्ग घेते, शनिवारी दुपारी तीन तास. ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. कागदाचा षटकोन कापायचा, त्यावर कापड दुमडून कच्च्या टाक्यांनी बसवायचं, असे तयार षटकोन काठाला काठ लावून हाताने जोडत जायचं. एखादा षटकोन सगळ्या बाजूंनी जोडला गेला की त्यातला कागद काढून घ्यायचा. मशीन लागत नाही. इंग्लंडमध्ये १७१८ सालचं रेशमी पांघरूण अजून जपून ठेवलंय, तेही कागदावरच बेतलेलं आहे.

अडचण शिवणाची नाही, शिकवण्याची आहे. माझ्याकडे दोन तऱ्हेच्या बायका येतात. एक मोबाइलवर व्हिडिओ बघून आलेल्या, ज्यांची सुईत दोरा ओवण्यापासून सुरुवात असते. त्यांचं काही नाही, सांगितलं तसं करतात. दुसऱ्या म्हणजे तासगाव, कवठेमहांकाळकडच्या मावश्या. जन्मभर वाकळा शिवलेल्या. मी एक षटकोन दाखवेपर्यंत त्यांचे चार तयार! पण कसे, तर कापड आणि कागद एकत्र धरून, दुहेरी दोऱ्याने, आरपार धावदोरा घातलेले. मग कागद निघता निघत नाही, ओढला की फाटून तुकडे आत राहतात. वर एक मावशी मला विचारतात, "काढायचाच हुता तर घातला कशाला? ऱ्हाऊ दे की आत, थंडीला ऊब." (त्यांचे कागद म्हणजे घरातली जुनी लाइटबिलं होती. म्हटलं तर रीत जुनीच, इंग्लंडातल्या अर्धवट राहिलेल्या कामांत आत पत्रं आणि मुलांच्या वह्यांची पानं सापडतात.)

आता त्यांना "असं नाही, तसं" म्हणायला मला जड जातं. त्यांचा टाका माझ्यापेक्षा सरस आहे. पण वाकळीत ठिगळ थोडं तिरकं बसलं तर बिघडत नाही, वरून धावदोरा फिरला की सगळं जमून येतं. इथे तसं होत नाही. तीन षटकोन एका टोकाला भेटतात, प्रत्येकाचा कोन १२० अंश, तिघांचे मिळून बरोबर ३६०. मधल्या एका षटकोनाभोवती सहा जोडले की फूल होतं. त्या सहा पाकळ्यांचे कागद मिलिमीटरभर जरी मोठे झाले तरी सहाव्या पाकळीला जागा पुरत नाही. ओढून शिवली की फूल सपाट बसतच नाही, मधोमध फुगतं. मावश्या ते हाताने दाबून म्हणतात, "इस्त्रीनं बसंल." बसत नाही.

सध्या मी कच्चा टाका कोपऱ्यांवरच घ्यायला लावते. सुई दुमडलेल्या कापडाच्या दोन घड्यांतूनच जाते, कागदाला लागत नाही. त्यामुळे कच्चा टाका उसवावा लागत नाही आणि कागद मागून अलगद निघतो. ग्लू स्टिकने काम झटपट होतं हे मान्य, पण गोंद जास्त लागला की कागद सोलवटतो, म्हणून मी वर्गात वापरत नाही.

दुसरं म्हणजे कागद. लग्नपत्रिका घरोघरी पडलेल्या असतात म्हणून आधी त्याच घेतल्या. पण पाकळी पाकळीला जोडताना मधला षटकोन दुमडून धरावा लागतो, जाड पत्रिका दुमडत नाही, दुमडली तर मोडते. झेरॉक्सचा कागद दुमडतो, पण एका वापरात लोळागोळा होतो. कोणता कागद वापरता? आणि हाताने न कापता कुठून कापून मिळतील का?

तिसरं, तीन तासांत पुरं होईल असं काय द्यावं? सगळ्यांना बेडशीट हवं असतं. एक इंची षटकोन म्हणजे बाजू एक इंच, टोकापासून टोकापर्यंत दोन. सिंगल बेडच्या ६० बाय ९० इंचाला असे दोन हजारांवर लागतात. हे ऐकून मागच्या बॅचमधली एक मुलगी चहा प्यायला म्हणून उठली ती आलीच नाही.

साताऱ्याहून प्रतिसाद

ताई, मावश्यांना षटकोन शिकवण्याचा हट्ट थोडा बाजूला ठेवा. वर्गाचे दोन भाग करा. नवीन मुली षटकोन जोडतील. जोडलेल्या तुकड्याखाली जुनं सुती लुगडं घालून धावदोरा मारायचं काम मावश्यांनी शिकवावं. आमच्याकडे असंच करतो. त्या दिवशी शिकवणाऱ्या त्या, आपण शिकणाऱ्या. पुढच्या वेळी त्याच म्हणतात, "आण बघू तुझा कागूद."

तीन तासांना सात षटकोनांचं एक फूल पुरे. एक इंची घेतलंत तर साधारण पाच इंच रुंद होतं, कपाखाली ठेवायला. शिवणी बाराच. उशीचा अभ्रा पुढच्या वेळी.

कापड इचलकरंजीचं सुती पॉपलिन घ्या. टेरिकॉटची घडी बसत नाही. जुनं लुगडं वर वापरायचं असेल तर पेजेची हलकी खळ देऊन इस्त्री करा, नाहीतर तिरक्या धाग्यावर ताणतं.

मिरजेहून प्रतिसाद

कागद १२० ते १५० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचा) मागा, दुमडतोही आणि चार-पाच वेळा वापरताही येतो. पत्रिका छापणाऱ्या प्रेसमध्ये डाय कटिंग (धातूच्या साच्याने कागद कापणं) होतं का विचारा. डाय बनवायचा खर्च एकदाच, पण थोडक्या कागदांसाठी ते मशीन लावत नाहीत, तेव्हा दोघी-तिघींनी मिळून मोठी ऑर्डर द्या. आणि दोरा एकेरी, बारीक. दुहेरी दोऱ्याचा टाका वरून दिसतो.

धागाकर्ती (मूळ प्रश्न विचारणारी)

दोघींचे आभार. लुगड्याची कल्पना या शनिवारीच करून बघते. डायसाठी मिरजेच्या ताई, तुम्हाला विपू (खाजगीत निरोप) करते, निम्मा खर्च माझा. आता फक्त एक सांगा, शिकवायला बसणाऱ्या मावश्यांकडून फी घ्यायची की त्यांना मानधन द्यायचं? मला वाटतं द्यायचं. पण बाकीच्यांची फी ३०० रुपये आहे, ती त्यासाठी वाढवली तर मुली येतील का?